प्रॉम्प्टरबाईंची ऑडिशन

बावीस वर्षं मी विंगेत बसून दुसऱ्यांची वाक्यं कुजबुजले. आमच्या हौशी मंडळाचं एकही नाटक असं नाही, जे मला तोंडपाठ नाही. नट टाळ्या घेऊन जातात आणि प्रॉम्प्टरबाई आपलं स्टूल काखोटीला मारून घरी जातात. यंदाच्या नाटकात मात्र पन्नाशी ओलांडलेल्या दोन बहिणी होत्या आणि दिग्दर्शकाने जाहीर केलं की भूमिका ऑडिशन घेऊनच देणार. इच्छुकांची यादी लिहायचं काम माझ्याकडे होतं. सगळ्यांची नावं लिहून झाल्यावर मी तळाशी गुपचूप स्वतःचंही लिहून टाकलं. मला ती भूमिका हवी होती. उगाच कशाला लाजू, फार हवी होती.

घरी सांगितलं तर लेकीने कंबरच कसली. ती चपलांच्या दुकानात मॅनेजर आहे. गिऱ्हाईक घेणार आहे की नुसतं घालून बघणार आहे, हे तिला ते दारातून आत येतानाच कळतं म्हणे.

"आई, पहिल्या दहा सेकंदांत छाप पडली पाहिजे. चल, त्या दारातून आत ये."

स्वयंपाकघराच्या दारातून मी अकरा वेळा आत आले.

"मान वर. हसत ये. एवढं नाही, डॉक्टरकडे दात दाखवायला आली आहेस का? आणि काहीही होवो, 'माफ करा' म्हणायचं नाही. आणि मोठ्याने बोल गं!"

आमचे हे दिग्दर्शक म्हणून खुर्चीत बसवले होते. पाचव्या खेपेला त्यांचा डोळा लागला.

"बाबा, पडली का छाप?"

"कुणाची?" हे दचकून म्हणाले.

आवाजाचं मात्र काही जमेना. इतकी वर्षं कुजबुजून माझा आवाज तळाला जाऊन बसला होता. "ही भांडते तेसुद्धा हळू," हे लेकीला म्हणाले, "निम्म्या वेळा मला पत्ताच नसतो की आमचं भांडण चाललंय."

रविवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये ऑडिशन होती. बाकं भिंतीला रचलेली, जमिनीवर मधोमध खडूने फुली मारलेली. माझ्यासोबत मंडळातल्याच, बँकेत नोकरी करणाऱ्या एक बाई होत्या. त्या आत आल्या त्याच हॉल स्वतःच्या नावावर असल्यासारख्या. छाप कशी पाडतात ते त्यांच्याकडून शिकावं. धाकट्या बहिणीची भूमिका त्या पाठ करून आल्या होत्या. वडिलांजवळ घरी राहिलेली ही धाकटी शेवटी थोरलीवर सगळा राग काढते. मी मागितली होती थोरली. तिची वाक्यं कमी, म्हटलं, आपल्याला तेवढी पुरे.

मी आत गेले. मान वर, हसू मोजून मापून. पण पायांना कोण सांगणार? ते गेले थेट पडद्याच्या कडेला आणि तिथेच थांबले.

"मावशी, मध्ये या," दिग्दर्शक म्हणाला. पोरगा माझ्या भाच्याच्या वयाचा.

"माफ करा," म्हणत मी फुलीवर गेले. दोन वाक्यं होईतो पुन्हा कडेला सरकले होते.

"मावशी, ऐकू येत नाहीये."

"माफ करा."

पुढची चार वाक्यंही मी अशीच कुजबुजले. दिग्दर्शकाने वहीत काहीतरी लिहिलं आणि मला कळून चुकलं की संपलं. रडू येत होतं आणि त्याहून जास्त स्वतःचाच राग येत होता.

तेवढ्यात बँकेतल्या बाई मोठ्या वाक्यापाशी आल्या. "तुम्ही सगळे आलात, गेलात..." म्हणाल्या आणि थांबल्या.

नट मुद्दाम थांबला की त्याचं वाक्य पडलं, म्हणजे तो विसरला, हे प्रॉम्प्टरला मान न वळवता समजतं. यांचं वाक्य पडलं होतं. एक क्षण मनात आलं, बुडू दे. खोटं कशाला बोलू, आलं मनात. पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. मी वाक्य द्यायला तोंड उघडलं आणि सवयीची कुजबुज निघायच्या जागी तो साठलेला सगळा राग निघाला.

"दार उघडायला घरात कोण होतं, हे कधी विचारलंत?"

हॉल दणाणला. मागे झाडू मारणारा शिपाई जागच्या जागी थांबला. बँकेतल्या बाई चक्क एक पाऊल मागे सरकल्या. "नाही विचारलं," त्या पुटपुटल्या. हे वाक्य संहितेत कुठेच नव्हतं.

मग मला थांबताच येईना. धाकटीचं अख्खं भाषण मी शेवटपर्यंत बोलले. बोलून झाल्यावर खाली पाहिलं तर पाय फुलीवर होते.

"माफ करा," मी म्हणाले, "वाक्य यांचं होतं."

दिग्दर्शकाने पेन खाली ठेवलं. "मावशी, धाकटी तुम्ही करा."

"मग विंगेत कोण बसणार?" मी विचारलं.

"अहो, आधी हो म्हणा!" बँकेतल्या बाई ओरडल्या. थोरली त्यांना मिळाली. त्यांना राग आला असेल असं मला वाटलं होतं, पण त्यांनीच मला खुर्ची आणून दिली.

"विंगेचं बघू, मिळेल कोणीतरी," दिग्दर्शक म्हणाला. बावीस वर्षांत कोणी मिळालं नव्हतं, पण मी हो म्हणाले.

घरी लेकीने सगळं ऐकून कपाळावर हात मारला. "तीन वेळा माफ करा? आणि तरी घेतलं?"

हे उठले. त्यांनी माझ्या पिशवीतून संहिता काढली, कोपऱ्यातलं माझं स्टूल उचललं, स्वयंपाकघराच्या दाराआड नेऊन ठेवलं आणि चष्मा लावून बसले.

"कर सुरू," आतून आवाज आला.

"अहो, मला सगळं पाठ आहे."

"असू दे. अडलीस तर."

मी सुरू केलं. तिसऱ्या वाक्याला मुद्दाम थांबले. आत पानं फडफडली. हे भलत्याच पानावर असणार. मग दाराआडून अगदी हळू, चाचरत माझं वाक्य आलं. आजवर मला वाक्य कोणी दिलं नव्हतं.

"ऐकू आलं नाही," मी म्हणाले, म्हणजे ते पुन्हा एकदा सांगतील.