अकरा पानांची नियमावली

मित्रांनो, मी अकरा पानांची एक जुनी नियमावली आहे. वेबसाइटवर नवं काही लिहून आलं, की ती खबर वाचकापर्यंत कशी पोचवायची, एवढंच माझ्यात सांगितलं आहे. पण तेवढ्यापायी दोन भली माणसं आठ महिने भांडत होती.

माझा जन्म एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत झाला. तिथल्या ग्रंथपाल बाई वाचकांसाठी रोज सकाळी चाळीस वेबसाइट एकेक करून उघडत. बहुतेक ठिकाणी कालचंच असे. त्यांचा धाकटा भाऊ प्रोग्रामर होता. तो एकदा म्हणाला, "ताई, तू रोज घरोघर कड्या वाजवत फिरतेस. त्यापेक्षा प्रत्येकाने दारावर चिठ्ठीच लावली तर? नवीन काय आलं, कोणी लिहिलं, कधी, कुठे. तुझा संगणक येईल वाचून."

त्या चिठ्ठीला म्हणतात फीड. ती कशी लिहायची, हे सांगण्यासाठी त्याने मला लिहिलं आणि माझा मसुदा इंटरनेटवर सगळ्यांपुढे ठेवला.

परगावच्या एका मुद्रितशोधक काकांनी पहिल्याच पत्रात सतरा चुका काढल्या. 'तारखेत नुसतं चार-पाच लिहिलं, तर ते चार मे समजायचं की पाच एप्रिल?' भाऊ चिडला. त्याने काकांचं नाव 'पूर्णविराम' ठेवलं. पत्रं येत राहिली, खटके उडत राहिले. अखेर त्याने कान पकडले आणि लिहिलं: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. त्या दिवसापासून मी बाळसं धरलं.

मग एका बड्या कंपनीचे साहेब आले. "नियमावली आमच्या नावावर करा. जगभर पोचवू. वापरणाऱ्याने फक्त आमची परवानगी घ्यायची."

दमलेला भाऊ सहीला तयार झाला होता. ताईंनी विचारलं, "आज देतील परवानगी. उद्या नाही दिली तर?"

काकांचं पत्र आलं: 'सही करू नका. आणि सातव्या पानावर अजून एक स्वल्पविराम राहिला आहे.'

सही झाली नाही. मला सर्वांसाठी खुलं केलं गेलं. बऱ्याच वेबसाइटनी माझ्याप्रमाणे फीड लावली आणि ती मिळवण्यासाठी एक बटणही ठेवलं.

पुढची सहा वर्षं मात्र मला कोणी विचारेना. कंपनीने वाचनाचं स्वतःचं ॲप काढलं आणि सारं जग तिकडे वळलं. वेबसाइटवरची फीडची बटणं एकेक करून गेली. मी हिरमुसले, पण ताईंनी वाचनालयाची फीड एक दिवसही चुकवली नाही.

आणि एका सोमवारी कंपनीने दोन ओळींत कळवलं, ॲप बंद. वाचनालयात एक निवृत्त शिक्षिका येत. त्यांना दिसत नसे. त्या ॲपमध्ये त्यांनी निवडलेल्या वेबसाइटचे लेख संगणक वाचून दाखवी आणि त्या ऐकत. त्या म्हणाल्या, "बाई, माझी सगळी यादी गेली. आता मी वाचू कशी?"

भावाने ताईंचे जुने चाळीस पत्ते तपासले. बटणं गेली होती, पण सदतीस जणांनी फीड जपून ठेवली होती. दूरदेशीच्या एका बाईने, जिला आमच्यातलं कोणीही ओळखत नव्हतं, केवळ माझी अकरा पानं वाचून एक वाचक-प्रोग्राम लिहिला होता. भावाने तो लावला, पत्ते भरले आणि आवाज वाढवला.

संगणक बोलू लागला. एकामागून एक लेख, तारखांच्या क्रमाने, एकही इकडचा तिकडे नाही. शिक्षिका ऐकत राहिल्या. तासाभराने म्हणाल्या, "बंद नका करू. अजून आहेत ना?"

भावाने काकांना फोन लावला. "काका, सदतीसच्या सदतीस चालल्या."

पलीकडून काका म्हणाले, "तारखा बरोबर आल्या?"

"तुमच्यामुळे आल्या."

महिनाभरात असे कितीतरी प्रोग्राम निघाले. कोणालाही परवानगी मागावी लागली नाही. मित्रांनो, माझी छाती तेव्हा अभिमानाने फुगली!

मी सगळ्यांची आहे, आणि सगळ्यांच्या वस्तूची निगा कोणीतरी दुसरा राखेल, असं प्रत्येकाला वाटतं. तसं समजू नका. मला वाचा, वापरा, चूक दिसली तर बिनधास्त सांगा. दुरुस्त व्हायला मी कधीच लाजले नाही.