बाबांचं मत

पक्षाघातानंतर बळवंत तायड्यांची वाचा गेली, उजवं अंग लुळं पडलं. समज मात्र शाबूत होती. भुसावळहून बदलीवर जयपूरला आलेले हे रेल्वेतले गार्ड, आता जवाहर नगरात मुलाच्या घरी मागच्या खोलीत पडून असत.

कूलर त्याच खोलीत होता. म्हणून त्या मे महिन्यात मुलगा अभिजित आणि सून सुवर्णा दुपारी तिथंच बसून सुट्टीचे बेत करत. तिला पॅरिस हवं होतं, त्याला लंडन.

"बाबांनाच विचारू," अभिजित म्हणाला. "बाबा, डावा हात उचलला तर लंडन, उजवा उचलला तर पॅरिस. मतलब, नीट विचार करा हं!"

"वा! उजवा कसा उचलतील ते?" सुवर्णा हसत सुटली.

थट्टा बाबांना कळली. पण कित्येक महिन्यांत त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. शिवाय डॉक्टर बजावून गेले होते, उजवं बोट जरा जरी हललं तरी लगेच कळवा, रोजचा व्यायाम सुरू करू, हात परत येईल. मग एका दिवसाचाही खाडा चालणार नाही.

फोन वाजला म्हणून अभिजित बाहेर गेला. बाबांनी डोळे मिटून सगळा जीव त्या हातात ओतला. बोट हललं. पुन्हा हललं. त्यांनी डोळे उघडले तर सुवर्णा बघत होती.

आता ही ओरडून अभिजितला बोलावणार, असं त्यांना वाटलं.

तिनं दाराकडे पाहिलं. मग चादर ओढून त्या हातावर घातली आणि कडा गादीखाली घट्ट खोचल्या. "आम्ही आल्यावर बघू हं, बाबा," ती हळूच म्हणाली.

"काय ठरलं?" अभिजितनं दारातून विचारलं.

"डावाच उचलला त्यांनी. लंडन."

बाबांच्या घशातून घरघर निघाली.

"बघ, किती खूश झालेत!" अभिजित म्हणाला.

ते दोघं लंडनला गेले. बाबांना जयपूरजवळच्या बस्सी गावातल्या एका वृद्धाश्रमात ठेवलं. तिथला माणूस त्यांना भरवायचा, कुशीवर वळवायचा. हाताकडे बघायचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मुलगा-सून परतेपर्यंत बोटं तळव्यात वळून आखडली होती.

डॉक्टरांनी ती उलगडायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. "मधे कधी हालचाल दिसली होती का?"

अभिजितनं बायकोकडे पाहिलं.

"नाही," बाबांच्या डोळ्यांत बघत सुवर्णा म्हणाली.