कोरं कार्ड

"बारक्या, अरे ही सिस्टर मला खेळायला बसवतेय बघ!" ताई बाहेरून ओरडली, आणि आतल्या खोलीत बारक्याच्या हातातली कार्डांची गड्डी पडता पडता राहिली.

"बसा हो ताई, काही अवघड नाही," सिस्टरचा आवाज आला. सिस्टर म्हणजे हॉस्पिटलातली नर्स, दर रविवारी दुपारी खेळायला येणारी. "लायब्ररीवाले सर तापाने झोपलेत, आणि चार माणसांशिवाय मजा येत नाही."

"मला कुठलं येतंय ते? फासे टाकायचे, पैसे लावायचे नाहीत, आणि जिंकत कुणीच नाही. मग जुगार तरी सरळ खेळावा माणसाने!"

बाहेर हसण्याचा फवारा उडाला. आत बारक्या भराभर कार्डं चाळत होता. हवं ते सापडलं तसं त्याने ते ओढून काढलं, पँटच्या खिशात कोंबलं आणि बाकीची गड्डी नीट ठोकून सारखी केली. एका कार्डाने खेळाचं काही अडत नाही. सुटलो बुवा, असं तो स्वतःशी म्हणाला आणि बाहेर आला.

बारक्या आता चांगला पन्नाशीचा होता, पण घरात सगळ्यांत धाकटा म्हणून पडलेलं नाव काही सुटलं नव्हतं. चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला मशीनवर बसून तो फ्रेमच्या मापाच्या काचा घासायचा. गिऱ्हाइकं पुढे, हा मागे. लोकांचे चेहरे त्याला कधी दिसायचे नाहीत, नुसते नंबर दिसायचे. लग्न राहूनच गेलं होतं. ताईचंही राहिलं होतं, पण तिचं का राहिलं हे कुणी विचारायचं नाही, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. घर आणि आई, दोन्ही तिच्या गळ्यात होती.

बारक्याला नाद होता तो या खेळांचा. पट नाही, सोंगट्या नाहीत. टेबलाभोवती चार जण बसायचे, प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि मिळून गोष्ट रचायची. गोष्ट अडली की कार्ड उचलायचं. कार्डावर प्रश्न असतो, त्याचं उत्तर आपल्या पात्राच्या तोंडून द्यायचं. काही कठीण करायचं असलं की फासे टाकायचे आणि पडेल ते मुकाट्याने मान्य करायचं. असे खेळ बारक्या स्वतः लिहायचा, कॉम्प्युटरवर मांडायचा आणि नेटवर सगळ्यांसाठी फुकट ठेवून द्यायचा. कुठली कुठली माणसं ते उतरवून, छापून आपापल्या घरी खेळायची आणि त्याला लिहून कळवायची. दुकानात ज्याला मालकही हाक मारताना 'ए काच' म्हणायचा, त्याला तिकडे अनोळखी माणसं 'गुरुजी' म्हणायची. आता सांगा, कुणाला नाही आवडणार?

त्यातला 'विसरणाऱ्याचं घर' हा खेळ तर फारच गाजला. म्हातारपणी सगळं विसरत चाललेला बाप, आणि त्याला सांभाळणारं घर. लोक लिहायचे, की खेळता खेळता रडू आलं, खेळ संपवून वडिलांना फोन केला. आणि बहुतेक जण त्या एकाच कार्डाबद्दल लिहायचे. जे आत्ता बारक्याच्या खिशात होतं आणि बसताना मांडीला टोचत होतं.

"हे मध्ये काय ठेवलंय? यावर काहीच लिहिलेलं नाही," ताई खुर्ची पुढे ओढत म्हणाली.

"ते कोरं कार्ड," ड्रायव्हर म्हणाला. तो शाळेची व्हॅन चालवायचा, आणि खेळात नेहमी म्हातारा व्हायचा. "गोष्टीत काही नको वाटलं, सहन होईना, की त्यावर हात ठेवायचा. की तो प्रसंग तिथेच बंद. का म्हणून कुणी विचारायचं नाही."

"आणि माफीही मागायची नाही," सिस्टर म्हणाली. "हा नियम यांनी स्वतः घातलाय बरं का. नाहीतर ज्याला त्रास झाला, त्यालाच उलट बाकीच्यांची समजूत काढत बसावं लागतं. आता सगळीकडे खेळतात हा नियम."

"अगंबाई! असं कार्ड घरात पाहिजे होतं रे बारक्या. किती वर्षं वाचली असती माझी!"

सगळे हसले. बारक्याही हसला. मग सिस्टरने पिशवीतून एक डबी काढून टेबलावर ठेवली.

"तुमच्या कार्डांच्या कडा किती झिजल्यात हो. म्हणून नेटवरून उतरवली, छापली आणि लॅमिनेट करून आणली. पूर्ण गड्डी. एकही सोडलं नाही."

बारक्याने डबी हळूच तिच्याकडे परत सरकवली. "कशाला एवढं... माझीच वापरू या ना. सवयीची आहेत."

"असं काय करता? बाईंनी एवढ्या हौसेने आणलंय," ड्रायव्हर म्हणाला, आणि त्याने गड्डी पिसायलाही घेतली. बारक्या बघत राहिला. स्वतःच्या हाताने जगभर वाटलेलं कार्ड एकट्याने खिशात लपवून काय होणार होतं? पण गड्डी मोठी होती. येईलच असं नाही. त्याने तेवढ्यावर जीव धरला.

त्या कार्डाची गोष्ट अशी. आई जाऊन काही महिने झाले होते. ताई भाजी निवडत बसली होती आणि हा समोर पेपर वाचत होता. एकाएकी ताई सांगायला लागली. शेवटी शेवटी आई तिला ओळखत नव्हती, कामाला ठेवलेली बाई समजायची. एके दिवशी तिने सकाळपासून एकच धोशा लावला, 'बाई, तुम्ही तुमच्या घरी कधी जाणार?' दुपारी ताईच्या डोक्याची शीर तडकली. दाराला बाहेरून कडी लावून ती खाली उतरली आणि बस-स्टॉपवर जाऊन बसून राहिली. परत आली तर आतून आई दार वाजवत होती. म्हणत होती, 'बाई, माझ्या मुलीला बोलवा हो. ती असती तर तिने मला असं कोंडलं नसतं.'

"कुणाला सांगू नकोस रे," ताई म्हणाली होती.

"वेडी की काय तू! मी कुणाला सांगतोय?"

आणि खरंच, त्याने कुणाला सांगितलं नाही. त्याने लिहिलं. आईचा बाप केला म्हणजे झालं, अशी त्याने मनाची समजूत घातली. पण वाक्य मात्र जसंच्या तसं ठेवलं, कारण वाक्य चांगलं होतं.

खेळ सुरू झाला. ताईच्या वाट्याला घरात राहिलेल्या मुलीचं पात्र आलं, आणि बघता बघता ती रंगली. ड्रायव्हर म्हातारा होऊन म्हणाला, "मला जेवायला कुणी दिलंच नाही!" तर ताई फट्‌कन म्हणाली, "दोनदा जेवलात. तिसऱ्यांदा जेवायचं असेल तर भांडी तुम्ही घासा." फासे तिला हटकून वाईट पडत होते, आणि दर वेळी ती "हे आपलं नेहमीचंच" म्हणून हसत होती. किती दिवसांनी हिला असं हसताना पाहतोय, बारक्याच्या मनात आलं. हिला आधीच बसवायला हवं होतं.

तेवढ्यात गोष्ट अडली आणि ताईने कार्ड उचललं.

"मोठ्याने वाचा हं," सिस्टर म्हणाली.

"एका दुपारी तुम्ही बापाला आत कोंडता, दाराला कुलूप लावता, आणि..." ताईचा आवाज हळू झाला. अक्षर बारीक होतं, पण तिला ते स्वच्छ दिसत होतं. तिच्या चष्म्याच्या काचा बारक्यानेच घासल्या होत्या. "आणि बस-स्टॉपवर जाऊन बसता. बस येतात, जातात. तुम्ही कुणाची वाट बघताय?"

तिने बारक्याकडे पाहिलं नाही. कार्ड जरा लांब धरून ती बघत राहिली. बारक्याला वाटलं, आत्ता ही उठेल, आत्ता कार्ड तोंडावर फेकेल. पण ताई म्हणाली, "कुणाची नाही. बस यायची, दार उघडायचं. कंडक्टर विचारायचा, येताय का? मी म्हणायचे, पुढच्या बसने. मग पुढची यायची. मला वाटायचं, एखाद्या बसमध्ये चढावं, आणि जिथे कुणी ओळखत नाही तिथे उतरावं. मग वाटलं, त्यासाठी बस कशाला? घरातही कुणी ओळखत नाहीच आहे."

ड्रायव्हर म्हाताऱ्याचा आव आणायचा विसरला. सिस्टर हळूच म्हणाली, "आता कार्ड उलटा. मागे दुसरा प्रश्न असतो."

मागे काय होतं ते बारक्याला तोंडपाठ होतं. मध्यावर कोरं कार्ड पडलेलं होतं, त्याच्यापासून हातभर अंतरावर. हात पुढे करून ठेवला की काम झालं. कुणी का म्हणून विचारलंही नसतं, नियम त्याचाच. पण विचारलं नाही तरी कळलं असतं. ज्याने लिहिलं त्यालाच कसं सोसेना, असं सिस्टरच्या मनात आलंच असतं. हात मांडीवरून हलला नाही. आणि खरं सांगायचं तर, लाज वाटते पण सांगतो, भीतीच्याही खाली बारक्याच्या मनात दुसरंच काही होतं. त्याला उत्तर ऐकायचं होतं. इतक्या जणांनी इतकी उत्तरं लिहून पाठवली होती, पण हिचं काय असेल, असं त्या नालायकाला त्या घडीलाही वाटलं.

ताईने कार्ड उलटलं. मागचं तिने मोठ्याने वाचलं नाही. ओठ तेवढे हलले. आईचं दारामागचं वाक्य, शब्द न् शब्द, आणि खाली, 'तुम्ही काय म्हणता?'

"मी म्हटलं, बोलावते हं तिला," ताई म्हणाली. "मग चपला वाजवत जिना अर्धा उतरले, परत वर आले. दार उघडलं आणि म्हटलं, आई, मी आले गं."

"आई कशी? बाप ना मी?" ड्रायव्हर चुकून बोलून गेला. सिस्टरने त्याला डोळ्यांनी दटावलं.

"मग?" सिस्टरने विचारलं.

"मग ओळखलं तिने. तेवढ्यापुरतं. म्हणाली, किती वेळ लावलास गं, इथे एक बाई आली होती, फार वाईट होती. मी म्हटलं, गेली ती आता. मग माझा हात धरून झोपली."

बारक्या तिच्याकडे बघतच राहिला. हे त्याला माहीत नव्हतं. त्या दिवशी ताईने इथवर सांगितलंच नव्हतं. की सांगणार होती? त्याला लख्ख आठवलं. दारामागच्या त्या वाक्यापर्यंत ती आली, आणि तो "असू दे गं, होतं असं" म्हणून उठून आत गेला होता. वाक्य डोक्यातून जाऊ नये म्हणून. आत जाऊन त्याने ते कागदावर उतरवलं होतं, आणि बाहेर ताई एकटीच भाजी निवडत बसली होती.

सिस्टरने डोळे पुसले. "पहिल्यांदा खेळताय असं वाटतच नाही हो ताई!" मग ती बारक्याकडे वळली. "आणि तुम्ही! कुठून सुचतं हो तुम्हाला हे सगळं?"

ड्रायव्हर त्याच्याकडे बघत होता, सिस्टर बघत होती. आता ताईनेही वर पाहिलं.

एवढा एकच क्षण होता. हिचं आहे ते, माझं नाही, एवढं तरी म्हणता आलं असतं. निदान गप्प बसता आलं असतं. पण कौतुकाला उत्तर द्यायची जिभेला सवय लागली होती.

"असंच," बारक्या म्हणाला. "सुचलं."

ताईने कार्ड गड्डीखाली सरकवलं. "चला," ती म्हणाली, "कुणाची पाळी?"

पुढे खेळ झाला, पण बारक्याला त्यातलं काही आठवत नाही. ऊन उतरल्यावर मंडळी उठली. सिस्टरने ताईला पुढच्या रविवारचं आग्रहाने सांगितलं, आणि ताई "बघू" म्हणाली. दार लागलं. ताई कप गोळा करून स्वयंपाकघरात गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला.

बारक्या बाहेर उभा राहिला. मोबाईल काढून त्याने आपलं पान उघडलं आणि तो खेळ काढून टाकायची खूण दाबली. पान कोरं झालं. पण त्याच वेळी कुठल्याशा परक्या माणसाचा निरोप येऊन पडलेला दिसला. कुलपाचं ते कार्ड त्याने चौकटीत बसवून भिंतीवर लावलं होतं, सोबत फोटो होता. बारक्याची मान खाली गेली. कसाबसा तो स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला.

ताई पाठमोरी होती. कप विसळता विसळता म्हणाली, "कुलूप नव्हतं रे."

"अं?"

"कुलूप नव्हतं. नुसती कडी होती. आईने आतून वाजवलं तर शेजारणीला बाहेरून काढता यावी, म्हणून कडी. कुलूप तू लावलंस."

लावलं होतं खरं. लिहिताना कडी फिकी वाटली होती त्याला.

"ताई, मी काढून टाकलाय तो खेळ. आत्ताच. लोकांकडे आहे, पण मी लिहीन सगळ्यांना, सांगेन की... ताई, माझं फार चुक–"

ताईने नळ बंद केला. वळली. काही न बोलता तिने उजवा हात ओट्यावर ठेवला, तळवा पालथा, बोटं पसरून, कोऱ्या कार्डावर ठेवतात तसा. आणि ती त्याच्याकडे बघत राहिली. डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

बारक्याचं तोंड तसंच उघडं राहिलं. का म्हणून विचारायचं नाही. माफी मागायची नाही. प्रसंग तिथेच बंद. हात खाली टेकलेला होता आणि नियम त्याने स्वतः लिहिलेला होता.

त्याने तोंड मिटलं.

"कप पुसून ठेव," ताई म्हणाली, आणि हात उचलून पदराला पुसत बाहेर निघून गेली.

बारक्याने फडकं घेतलं. एकेक कप पुसून फळीवर पालथा घातला. मग ओटा पुसायला घेतला. ओट्यावर ताईच्या ओल्या हाताचा ठसा होता, पाचही बोटांचा. बारक्याने त्याच्या कडेकडेने सगळा ओटा पुसला आणि तेवढी जागा तशीच ठेवली. मग फडकं हातात धरून, ती आपोआप वाळेपर्यंत, तो तिथेच उभा राहिला.