जानेवारीतली जत्रा

फिर्मिनोचा धंदा छत्र्यांचा. जानेस्को गावात छत्रीवाल्याला मरण नव्हतं. तळ्यावरून चढून आलेले ढग तिथल्या डोंगराला अडायचे आणि वर्षातून दोनदा, पालवी फुटताना आणि पानं गळताना, गावाला आडवं-तिडवं झोडपायचे. त्यात संत उर्बानोची जत्रा नेमकी मे महिन्यात. आणि जत्रेच्या पंचांचा अध्यक्ष कोण, तर फिर्मिनोच.

"पावसाला सुपारी दिलीस ना रे?" दरवर्षी कोणीतरी विचारायचंच.

त्याचं दुःख कोणाला ठाऊक होतं! बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. आता त्याचा जीव बेकरीवाल्या देल्मिनावर जडला होता. तीही एकटीच. रोज सकाळी तो पाव घ्यायला जायचा आणि "एक द्या" यापुढे जीभ रेटायची नाही. नाचताना माणूस धिटाईने बोलतो, असं त्याने मनाशी धरलं होतं. पण नाच जत्रेत, आणि जत्रा पाण्यात.

एका मेमध्ये तर वादकांच्या ढोलात पाणी साचलं. फिर्मिनोने हट्ट धरून जत्रा ऑक्टोबरात नेली. ऑक्टोबरात नाचाचा लाकडी मंचच उतारावरून वाहत गेला आणि पाद्रीबाबांच्या कोबीत जाऊन थांबला.

"उन्हाळ्यात करू," कोणी म्हणालं.

"उन्हाळ्यात गुरं घेऊन सगळे वरच्या कुरणांवर. नाचणार कोण, पाद्रीबाबा आणि मी?" फिर्मिनो उखडला. "जानेवारीत करू. जानेवारीत पाऊस पडत नाही!"

"का पडत नाही ते ठाऊक आहे ना तुला?" पाद्रीबाबा एवास्यो म्हणाले. "त्यालाही थंडी वाजते." पण कोबीची आठवण ताजी होती. त्यांनी मान डोलावली.

जानेवारीत आभाळ घासून ठेवलेल्या पातेल्यासारखं लख्ख होतं. एक ढग नाही. संताची मूर्ती खांद्यावर घेऊन निघालेले चौघे गारठून इतके पळत सुटले की मागून येणाऱ्या बायकांना धाप लागली. मक्याच्या पिठाचा गरम पोलेंटा ताटात पडेपर्यंत दगड झाला. अ‍ॅकॉर्डियनवाल्या बाझिल्योची बोटं आखडली, आणि एकच सूर धरून तो बसून राहिला.

देल्मिना दोन कोट आणि तीन शाली गुंडाळून चौकात उभी होती. फिर्मिनो धीर करून पुढे झाला.

"नाचता का?"

"न नाचून सांगते कोणाला! उभं राहिलं तर गोठायची वेळ."

त्या एका सुरावर दोघं थपथप पाय आपटत फिरू लागली. कोटांमुळे दोघांत हातभर अंतर. पण हीच ती घडी! फिर्मिनोने तोंड उघडलं. ओठ लाकूड झाले होते.

"देल्मिनाबाई, लघ... लघ्..."

तिने चमकून त्याच्याकडे पाहिलं. "अहो, मग धरून कशाला ठेवलीत? या वयात बरं नव्हे ते. ते बघा, कोपऱ्यावर दारूचं दुकान आहे, त्याच्या मागच्या बाजूला आहे सोय. जा पळा!"

सगळा चौक हसला. फिर्मिनो लाजेने पळाला, दुकानातल्या शेगडीपाशी उभा राहिला, गरम वाइनचा पेला रिचवला. ओठ सुटले. तसाच परत आला आणि संतापून ओरडला, "लग्न! लग्न म्हणत होतो मी! माझ्याशी लग्न करता का?"

बाझिल्योचा सूरसुद्धा बंद पडला.

देल्मिनाने एक शाल सोडून त्याच्या डोक्याभोवती आवळली. "आधी कान झाका. उत्तर ऐकायला ते जागेवर राहायला हवेत." मग शाल जराशी सैल करून म्हणाली, "करते. पण लवकर. वसंतातल्या ओल्या हवेत माझा पाव फुगत नाही, चिडचिड होते माझी."

फेब्रुवारीत कोरड्या उन्हात लग्न लागलं. त्यानंतरच्या रविवारी पंचांच्या बैठकीत फिर्मिनोने जत्रा परत मेमध्ये न्यायचा ठराव स्वतःच मांडला. कारण विचारलं तर म्हणाला, "परंपरा आहे आपली. मोडून कसं चालेल?"