तवशाची कावीळ

शुक्रवार उजाडला की खडपवाडीचं देऊळ माणसांनी भरून जाई. उमरठकडून, कापड्याकडून, पार खिंडीपल्याडून लोक डोंगर चढून येत, कुणी चालत, कुणी डोलीतून. कुणाचे डोळे पिवळे, कुणाची नखं. सभामंडपात मधोमध कुशाबा भगत बसे आणि त्याच्या पुढ्यात टोपलीभर ओल्या वेलाच्या माळा.

“पिवळी म्हनं मी तुला खाईन, माळ म्हनं मी तुझी आई व्हईन!” असं ओरडत तो रोग्याच्या डोक्याला माळ घट्ट बांधी. “जेवढी पिवळी खाईल, तेवढी माळ वाढंल. डोक्यावरनं गळ्यात, गळ्यातनं बेंबीला. गुडघ्याला लागली की पिवळी पळाली! पन सुई टोचाल तर माळ मेली. गोळी गिळाल तर माळ रुसली. मंग मला बोल लावू नका!”

आणि माळ खरंच वाढे. कपाळाला रुतणारी माळ काही दिवसांत छातीवर लोंबू लागे. ते सगळ्या वाडीनं पाहिलेलं होतं.

“कुनाला शंका असंल तर त्यानं तिकडं बघावं,” कुशाबा खांबाकडं बोट करी. “ही गोरी मडम. साता समुद्रापल्याडची नर्स. हिला बी पिवळी झाली व्हती, आन् हिच्या गळ्यात बी माझीच माळ व्हती!”

सगळी तोंडं वळत. खांबाला टेकलेल्या कर्स्टनचे कान लालभडक होत.

डेन्मार्कच्या एका संस्थेनं कर्स्टनला दोन वर्षांसाठी या डोंगरावर धाडलं होतं, त्याला आता वर्ष होत आलं होतं. वाडीनं तिचं नाव किस्तूबाय करून टाकलं, ओटीत खोबरं-तांदूळ घातले, बारशाला पाळण्याची दोरी तिच्याच हाती दिली. पुण्यात शिकलेल्या मराठीत ती “कृपया पाणी उकळून प्या” म्हणाली की बाया पदर तोंडाला लावून हसत आणि तिला आणखी एक भाकरी वाढत. सगळे तिचं ऐकून घेत. ऐकत मात्र कुणी नसे.

पावसाळ्यात तर तिनं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. दारी आलेल्याला तांब्या पुढं करायचा ही वाडीची रीत, आणि तो परत केला तर घरधनिणीचा अपमान. उकळलेल्या पाण्याचे धडे देणारी कर्स्टन घरोघरी विहिरीचं पाणी मुकाट्यानं पीत गेली. झाली कावीळ. ती जिच्या पडवीत राहायची त्या काशीबाईनं डोळ्यांत पाणी आणून कुशाबाची माळ तिच्या डोक्याला बांधली. एवढी माया कशी तोडायची? कर्स्टननं माळ राहू दिली, पडून राहिली, पेज प्याली, बरी झाली. आणि तिच्या भिडेचं कुशाबानं निशाण करून देवळावर लावलं.

आता संजीवनी पिवळी पडली होती. वाडीतल्या बयाबाईची सून, पोटुशी, सातवा सरत आलेला. डोळे हळदीसारखे. कर्स्टन रोज तिच्या दारात जाई आणि रोज तेच ऐकून परते.

“बयाबाई, तिला महाडला न्यायला हवं. पोटुशी बाईची कावीळ साधी नसते. ती जिवावर बेतते.”

“आगो, माळ छातीपातूर आली की. उतरतीच हाय पिवळी.”

“माळ उतरते आहे. कावीळ नाही!”

“आन् तू कशी बरी झालीस? सुई टोचून घेतलीस का?” बयाबाई तांदूळ पाखडत विचारी.

त्या शुक्रवारी कुशाबानं तिच्याही हातावर एक माळ ठेवली. “राखनीची हाय, मडम. पिवळी परत यायची नाय.” ती पाय आपटत घरी आली. पडवीच्या आढ्याला काशीबाईनं तवशी, म्हणजे मोठाल्या पावसाळी काकड्या, टांगलेल्या होत्या, कोकणात टांगतात तशा, झावळीच्या पात्याच्या फासात आडव्या अडकवलेल्या. त्यातलं एक तवसं जून होऊन पिवळंधमक झालं होतं. “घे, तुलाच कावीळ!” असं आपल्या भाषेत पुटपुटून कर्स्टननं माळ त्या तवशाच्या कमरेला घट्ट आवळली आणि तिच्याकडं पाठ फिरवली.

पुढचे काही दिवस ती संजीवनीच्या बाळासाठी लोकरीचं टोपडं विणत बसली. दुसरं हातात होतं काय? एका दुपारी विणता विणता मान वर केली आणि सुया हातातच राहिल्या.

माळ वाढली होती. तवशाच्या कमरेवरून वीतभर खाली लोंबत होती.

तिनं ती उतरवली आणि मांडीवर पसरली. लहानपणापासून विणणारी बाई ती. टाके तिला अक्षरांसारखे वाचता येत. वेलाचा एकेक तुकडा दोऱ्याच्या एकेका फासात बसवलेला होता. वेल ओला असताना जाड, म्हणून प्रत्येक फासात बराच दोरा गुंतलेला. वेल सुकून काडी झाला की फास सैल, आणि आत लपलेला दोरा सरकत बाहेर. ना रोगी लागे, ना मंत्र. नुसतं सुकणं पुरे.

शुक्रवारी ती देवळात गेली ती सूप घेऊन. वर फडकं झाकलेलं. बयाबाई सुनेला घेऊन आली होती. संजीवनी दिवसाउजेडी पेंगत होती, विचारलेलं तिला उमगत नव्हतं.

“बाबा,” कर्स्टन म्हणाली, “माळ वीतभर वाढली, तर कावीळ किती उतरली?”

“निम्मी खाल्ली समज!” कुशाबा मिशीला हात लावत म्हणाला. “काय, हाय का तुझा कोन रोगी?”

“आहे.” तिनं फडकं काढलं.

सुपात तवसं. तवशावर लांबलेली माळ.

मग मागून कुणीतरी फिसकन हसलं. “आरं, तवश्याला पिवळी झाली रं!”

“झाड बी जीवच हाय,” कुशाबा घाईनं म्हणाला. “त्याची बी पिवळी खाल्ली असंल.”

“मग हे हिरवं का नाही झालं?”

आता हसू मंडपभर पसरलं. कर्स्टननं काशीबाईला पुढं बोलावलं, तिच्या हातात माळेचं एक टोक दिलं आणि सुकलेली काडी बोटानं ओढली. काडी निसटली, फास उलगडला, दोरा बोटभर लांब झाला. “अगो बाय!” म्हणत काशीबाईनं दुसरी ओढली, मग तिसरी.

“मंग तू कशी बरी झालीस?” कुशाबा गरजला. “बोल की! बोल!”

“पडून राहिले म्हणून. तशी कावीळ बहुतेकांची आपोआप जाते. त्याचं श्रेय माळ घेते. मी माळ घातली ती काशीबाईच्या मायेपायी. तुमच्या मंत्रावर माझा तेव्हाही विश्वास नव्हता.” तिनं संजीवनीकडं हात केला. “पण हिची जाणार नाही, बयाबाई. माळ कुठवर आली ते बघू नका. सुनेचे डोळे बघा!”

बयाबाईनं सुनेची हनुवटी उचलली. एकदा त्या डोळ्यांत पाहिलं, एकदा सुपातल्या तवशाकडं. मग माळ हिसडून तोडली.

“डोली आना रं! उभं काय ऱ्हायलात बुजगावन्यावानी?”

चार गडी कापड्यापर्यंत पळतच उतरले, तिथून जीपनं पोलादपूर, पोलादपुराहून महाड. संजीवनी वाचली. बाळ वाचलं नाही. “लवकर आणायला हवं होतं,” एवढंच डॉक्टर म्हणाले. आज का, उद्या का, करत सगळी वाडी माळेकडं बघत बसली होती, ते दिवस कुणीच परत आणून देणार नव्हतं. टोपडं कर्स्टनच्या पेटीत तसंच राहिलं.

कुशाबा खिंडीपल्याड गेला. तिथं अजून शुक्रवार भरतो म्हणे. ते ऐकून कर्स्टनला आजही दगडावर डोकं आपटावंसं वाटतं. पण काशीबाईच्या चुलीवर आता पाण्याचं पातेलं असतं, आणि पहाटे बयाबाईच्या जात्यावरून तिच्याच काळजातून निघालेली ओवी येते:

सुकल्या वेलाची माळ, वाढली गं वीतभर
तवसं पिवळं ते पिवळं, सांगा बाई घरोघर

तर बायांनो, बाप्यांनो, आपल्याही आढ्याला एक तवसं टांगून ठेवा. कुणी चमत्कार घेऊन दारी आला, तर त्याला म्हणा, आधी ह्याच्यावर करून दाखव. तोवर माणसाला दवाखान्यात न्या.