गुरांच्या डॉक्टराची चौकशी

गुरांच्या डॉक्टराचा हात कोपराच्या वरपर्यंत गाईच्या आत होता, तेव्हा आक्का गोठ्याच्या दारात येऊन उभी राहिली.

"डॉक्टर, माझ्या शेळीला चक्कर येते."

"कधी?"

"बसून उठली की. आणि माळ्यावर चढली की धाप लागते."

"शेळी माळ्यावर कशाला चढते?"

"कांदे काढायला. मग कोण काढणार?"

गाईचा मालक भिंतीकडे तोंड करून खांदे हलवायला लागला. डॉक्टराने हात न काढता विचारलं, "शेळीचं वय काय?"

"अडुसष्ट."

"तिला म्हणावं, उठताना दोन मिनिटं खाटेवर बसून राहा. आणि शहरात जाऊन प्रेशर बघून घे."

"शहर बसने अडीच तास. एवढं कळलं असतं तर शेळी तुमच्याकडे कशाला आली असती?" असं म्हणून आक्का निघून गेली.

गावात माणसांचा दवाखाना होता, म्हणजे चार भिंती आणि एक पाटी होती. डॉक्टर बदलून गेला, पाठोपाठ नर्स गेली आणि दोन वर्षांत कुलपाला गंज चढला. गावाने वरती अकरा अर्ज पाठवले. उत्तर एकाचंही आलं नाही. गुरांच्या खात्यात मात्र माणूस होता, तो आठवड्यातून तीनदा यायचा. मग गावातली जनावरं अचानक फार आजारी पडायला लागली. एकाच्या बैलाला पेपरातली बारीक अक्षरं दिसेनात. दुसरीच्या म्हशीला लेक सासरी गेल्यापासून झोप येईना.

डॉक्टर सगळ्यांचं ऐकायचा, पथ्य सांगायचा आणि शहराची वाट दाखवायचा. गोळी कुणाला दिली नव्हती. गुरांचा डोस माणसाला दिला आणि माणूस गेला तर उद्या कुणाच्या नजरेला नजर देणार, ही त्याची धास्ती. "ऐकायला परवाना लागत नाही," असं तो बायकोला सांगायचा. बायको म्हणायची, "अजून तरी."

कापणीच्या दिवसांत एका सकाळी आक्काच्या सुनेच्या पोटरीत विळा घुसला. लुगडं रक्ताने भिजलं होतं. दुधाचा टेम्पो निघून गेलेला, पुढची गाडी दुपारी. डॉक्टर नेमका शेजारच्या गोठ्यात होता. त्याला ओढूनच आणलं.

"मी माणसं शिवत नाही, आक्का."

"चार पायांची शिवता. हिला दोनच आहेत, काम निम्मंच झालं."

तो जखमेकडे बघत उभा राहिला. शिवलं तर कायदा मोडतो, नाही शिवलं तर दुपारपर्यंत या पोरीचं किती रक्त जाईल याचा हिशोब त्याला येत होता. त्याने पाणी उकळायला सांगितलं. जखम पुन्हा पुन्हा धुतली, भूल दिली आणि सात टाके घातले. दुपारच्या गाडीने तिला धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी शहरात धाडलं. मग तो विहिरीवर गेला आणि कोपरापर्यंत हात धुतले.

महिन्याने त्याच्या नावाने पत्र आलं. जनावरांच्या डॉक्टराने माणसावर उपचार केल्याची तक्रार आहे, चौकशीसाठी वैद्यकीय अधिकारी बुधवारी येतील.

डॉक्टराला जेवण जाईना. गावात फिरताना तो एकेका तोंडाकडे बघायचा. याने केली असेल की त्याने? ज्यांच्या वासरांसाठी चिखलात गुडघे टेकले, त्यांच्यातलाच कुणीतरी.

बुधवारी जीप आली. उतरली एक तरुण डॉक्टरीणबाई, डोळे झोप न झाल्यासारखे. कुलपात तेल ओतून दवाखाना उघडला. बाहेर बघते तर अख्खं गाव धुतलेले कपडे घालून रांगेत बसलेलं.

"एवढे साक्षीदार?"

"सगळे साक्षीदार," आक्का म्हणाली आणि पहिली आत शिरली. खुर्चीवर बसून तिने बाही स्वतःच वर सारली. "जबानी देते, पण बोलायला लागलं की चक्कर येते. आधी ती बघा."

बाईने नाइलाजाने पट्टा बांधला आणि आकडा बघून तिचा चेहरा बदलला. "गोळी कुठली घेता?"

"गावात गोळ्या गुरांच्याच मिळतात."

त्यानंतर जबान्या कुणी घेतल्याच नाहीत. दुसऱ्या साक्षीदाराला साखर निघाली, तिसरी सहा महिन्यांची गरोदर, एकदाही तपासलेली नव्हती. ज्याच्यावर आरोप, तो गुरांचा डॉक्टरच पाणी उकळत होता आणि रांग लावत होता.

चारच्या सुमाराला सुनेची पोटरी समोर आली. बाईने बराच वेळ बघितलं. "कुणी शिकवलं?"

"म्हशींनी."

ती हसली नाही. "जखम पिकली असती, पाय गेला असता, तर?"

"तर तुम्ही म्हणाल ती शिक्षा. पण बाई, तुम्ही तिथे असता आणि हातात सुई असती, तर?"

बाई म्हणाली, "माझ्याकडे एकतीस गावं आहेत. आज मी इथे आले, म्हणजे दुसरीकडे कुणीतरी बंद दार बघून परत गेलं. हे तुमच्या गावाला माहीत आहे का?" तिने कागद काढला. "तक्रारदाराला बोलवा."

"मीच," आक्का म्हणाली.

डॉक्टराने हातातलं भांडं खाली ठेवलं.

"अकरा अर्ज केले, कुत्रं फिरकलं नाही. एक तक्रार केली, पंधराव्या दिवशी जीप."

"माझी नोकरी गेली असती, आक्का. निदान विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असता?"

"नाही."

"म्हणून नाही विचारलं." आक्काने पहिल्यांदाच मान खाली घातली. "टाके बघून तुम्हाला कुणी काढणार नाही, असं वाटलं होतं. वाटलं होतं, खात्री नव्हती. तेवढं चुकलंच माझं."

त्या दिवशीच काय, पुढे पंधरा दिवस डॉक्टर आक्काच्या गोठ्याकडे वळला नाही.

बाईने अंधार पडायच्या आत अहवाल लिहिला आणि सगळ्यांना वाचून दाखवला. "टाके नाइलाजाने घातले, कारण माणसांचा डॉक्टर नेमलेला नव्हता. साक्षीदार बासष्ट, तपासून झाले चाळीस. इतर गावांवर अन्याय न करता एका अधिकाऱ्याकडून चौकशी पुरी होणार नाही. दुसरा अधिकारी इथेच राहायला द्यावा. तोपर्यंत मी एक बुधवार सोडून येईन."

बाई पुन्हा येणार होती त्या बुधवारी गुरांचा डॉक्टर सकाळीच दवाखाना झाडायला आला, तर आक्का आधीच झाडत होती. त्याने कोपऱ्यातला दुसरा झाडू उचलला. दोघं एकमेकांशी न बोलता झाडत राहिली, पण खोली स्वच्छ झाली.

दुसरा अधिकारी सात महिन्यांनी आला. बाडबिस्तरा घेऊन आला, बायकोसकट. चौकशी अजून चालू आहे.