अर्धा डोस

ताईचं काम घरच्यांना कधी कळलंच नाही, आणि त्यात थोडा दोष तिचाही होता. कुणी विचारायचा अवकाश, ती मुळापासून सांगायला बसायची. गोचीड चावते, तिच्या लाळेतून कुत्र्याच्या रक्तात बारीक परजीवी शिरतात, ते तांबड्या पेशींत घर करतात, पेशी फुटतात आणि कुत्रं तापानं फणफणतं. इथपर्यंत लोक ऐकायचे. पण ज्यासाठी तिनं संशोधन संस्थेत अख्खं आयुष्य घातलं, तो भाग सुरू झाला की धाकटा भाऊ जांभई द्यायचा आणि वडील, म्हणजे अण्णा, वर्तमानपत्र तोंडासमोर धरायचे.

तो भाग असा होता. तापातून उठलेल्या कुत्र्याच्या अंगात थोडे परजीवी उरतात. ते दिसत नाहीत, त्रासही देत नाहीत, कारण पोटातली पाणथरी, म्हणजे प्लीहा, त्यांना धाकात ठेवते. ते आहेत तोवर शरीराची तालीम चालू राहते, आणि दुसरी गोचीड चावली तरी कुत्रा आजारी पडत नाही. औषधानं शेवटचा परजीवीही मारलात, तर पुढे ती तालीमही मोडते. तेव्हा औषध बेतानं द्या, थोडं राहू द्या. एवढं एक वाक्य सिद्ध करायला ताईनं शेकडो कुत्र्यांचं रक्त तपासलं, केस पिकवले आणि परिषदांमध्ये भल्याभल्यांशी भांडणं ओढवून घेतली.

धाकटा जनावरांचा सर्जन होता. त्याचा दवाखाना चालायचा आणि तोंड त्याहून जास्त चालायचं. "रोग थोडा शिल्लक ठेवा म्हणणारी जगातली एकमेव डॉक्टर आमच्या घरात आहे," असं तो येईल त्याला सांगायचा. ताई वरवर हसायची. आतून लागायचं.

आई गेल्यावर अण्णा घरात एकटे पडले, तेव्हा ताईनं त्यांना एक पिल्लू आणून दिलं. प्रयोगातलं, सतरा नंबरचं, ताप येऊन बरं झालेलं. अण्णांनी दुसरं नाव शोधायची तसदी घेतली नाही. सतरानं आल्या आल्या सोफ्याचा एक कोपरा फस्त केला आणि घर ताब्यात घेतलं. अण्णांना सोबत झाली, आणि ताईच्या जिवाला स्वस्थता. ती रविवारी यायची. म्हणजे यायचं ठरवायची. निम्म्या रविवारी कुठला तरी नमुना किंवा कुठला तरी विद्यार्थी आडवा यायचा. मग फोनवर, "अण्णा, जेवलात ना? सतरा काय म्हणतोय?" एवढ्यावर भागायचं.

सतरा वयात येऊन चांगला पोक्त झाला होता, तेव्हा फाटकासमोर त्याला एका स्कूटरनं उडवलं. अण्णांना आताशा समोरचं माणूसही धड दिसत नसे, त्यांच्या डोळ्यांचा पडदा झिजला होता. त्यांनी आवाजावरून ओळखलं. शेजाऱ्यांनी कुत्रा धाकट्याच्या टेबलावर आणून ठेवला, आणि ताई संस्थेतून पांढऱ्या कोटातच धावत आली.

धाकट्यानं पोट उघडलं. "पाणथरी फाटलीय. काढून टाकतो, विषय संपला."

"सगळी काढू नकोस."

"ताई, हा दवाखाना आहे. परिषद नाही."

"वरचा तुकडा धड आहे बघ. तेवढा ठेव."

"आत्ता तूच कानातून रक्त घेऊन मायक्रोस्कोपखाली काच बघितलीस ना? काय दिसलं?"

"काही नाही."

"मग?"

"हिच्यामुळे दिसत नाहीत ते! ही गेली की रक्तात नुसती जत्रा होईल, आणि मग तू मलाच हाक मारशील."

धाकट्यानं मास्कच्या आत दोन शिव्या हासडल्या. सगळी पाणथरी काढणं सोपं होतं. अर्धी ठेवून रक्त थांबवणं म्हणजे नाकी नऊ. पण त्यानं ठेवली. ताईनं चिमटे धरले, तो टाके घालत राहिला. "मेला तर अण्णांना तू सांगायचंस," एवढंच बोलला.

सतरा मेला नाही. पण तिसऱ्या दिवशी त्यानं पाण्याकडे पाठ फिरवली, हिरड्या पांढऱ्या पडल्या आणि अंग तव्यासारखं तापलं. ताईनं काच मायक्रोस्कोपखाली धरली. पेशींमध्ये थेंबाच्या आकाराच्या परजीवींच्या जोड्या स्पष्ट दिसत होत्या. तिनं खुर्ची धाकट्याला दिली. तो बराच वेळ डोळा लावून बसला आणि या खेपेला त्याला एकही विनोद सुचला नाही.

"सगळी काढली असती तर?"

"तर आत्ता औषध द्यायला हा उरलाच नसता."

आता प्रश्न किती द्यायचं हा होता. अण्णा बाहेरच्या बाकावर सतराचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. ताई त्यांच्याशेजारी बसली आणि पुन्हा मुळापासून सांगू लागली. हाताशी वर्तमानपत्र नव्हतं, त्यामुळे अण्णांना ऐकणं भाग होतं.

"अर्धा डोस दिला तर ताप उतरेल. थोडे उरतील, पण राहिलेली पाणथरी त्यांना सांभाळेल असं मला वाटतं. वाटतं म्हणजे, खात्री आहे. पूर्ण दिला तर सगळे मरतील आणि हा कोरा होईल. मग एक गोचीड जरी राहून गेली तरी पुन्हा हेच, आणि ते त्याला झेपणार नाही. गोचिडी मारणारा पट्टा बांधला की त्याच्या गळ्याला फोड येतात. नुसत्या गोळीवर मी विसंबणार नाही. रोजच्या रोज डोळ्यांत तेल घालून सगळं अंग चाचपावं लागेल. अण्णा, तुमच्याच्यानं ते होणार नाही."

अण्णा सतराच्या कपाळावरून अंगठा फिरवत होते. "पूर्ण दे."

"अहो, मी काय सांगतेय—"

"ऐकलं मी. पूर्ण दे."

ताईला फार वाईट वाटलं. जगानं ऐकलं नाही, तर जगाला दोन शोधनिबंध आणखी पाठवता येतात. बापानं ऐकलं नाही की कुठे पाठवायचं? आत आल्यावर धाकटा म्हणाला, "कुत्रा त्यांचाय, ताई." जन्मभर ज्याच्याविरुद्ध भांडली तो पूर्ण डोस तिनं स्वतःच्या हातानं दिला. दुसऱ्या दिवशी सतरानं पाणी प्यायलं, आणि आठवड्यात तो घरी जाऊन सोफ्यावर चढला.

मग ताईला रोज जाणं आलं. संध्याकाळी संस्थेतून थेट. सुरुवातीला ती घुश्शातच यायची. जमिनीवर बसायची, सतराचे कान, काखा, बोटांच्या बेचक्या, शेपटीचं बूड चाचपायची, सापडलीच गोचीड तर स्पिरिटच्या बाटलीत टाकायची आणि उठायची. काही दिवसांनी ती यायच्या वेळेला चहा तयार दिसू लागला. मग चहाबरोबर अण्णांच्या गोष्टी, मग जेवण. आईबद्दल दोघं इतक्या वर्षांत बोलले नव्हते, ते बोलले. विद्यार्थ्यांना कळून चुकलं की संध्याकाळी बाई सापडत नाहीत.

पण सल होता तो होताच. एके संध्याकाळी सतराचा उजवा कान उलटा करून बघता बघता तिनं विचारलंच.

"अण्णा, माझ्या कामावर तुमचा एवढाही विश्वास नव्हता?"

"कोण म्हणालं नव्हता?"

"मग अर्धा डोस का नको म्हणालात?"

अण्णांनी कप खाली ठेवला. "अर्ध्या डोसानं तो जगलाच असता. तू खात्री आहे म्हणालीस, म्हणजे जगलाच असता."

"मग?"

"मग काय. तू पुन्हा रविवारची आली असतीस. तेही जमलं तर."

ताईची बोटं कानात तशीच थबकली. सतरानं वळून तिचं मनगट चाटलं.

"डावा कान राहिलाय," अण्णा म्हणाले.

तिनं सतराला आपल्याकडे वळवून घेतलं.